पत : वहीतली आणि अहवालातली

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यापारी समाजात 'पत' या दोन अक्षरी शब्दाला जे वजन आहे, ते भांडवल या शब्दालाही नाही. भांडवल उसने आणता येते. पत उसनी आणता येत नाही. पूर्वी सुरतेच्या किंवा इचलकरंजीच्या पेढीला गावाकडच्या नव्या गिऱ्हाइकास उधारीवर माल द्यावयाचा झाल्यास ती दलालाला विचारी, 'माणूस कसा आहे?' 'शब्दाचा पक्का आहे' एवढे उत्तर आले की कापडाच्या गाठी रवाना होत. त्या एका वाक्यामागे दलालाने वीस-पंचवीस वर्षे डोळ्यांनी पाहिलेला व्यवहार असे. आणि दलालाने काही चुकीचे सांगितले, तर त्याच्या दुकानी जाऊन त्याला जाब विचारण्याचीही सोय होती.

आज हाच प्रश्न बँक विचारते. उत्तर मात्र दलाल देत नाही. संगणकातील एक नोंदवही देते. त्या वहीत प्रत्येक कर्जदाराचे एक पान असते आणि पानाच्या माथ्यावर एक तीन अंकी आकडा असतो. बोलीभाषेत त्याला 'सिबिल' म्हणतात. नवलाची गोष्ट ही की, जो व्यापारी रोजमेळात एक रुपयाचा फरक आला तरी रात्री दुकान बंद करीत नाही, त्याने स्वतःच्या नावाचे हे पान बहुधा एकदाही उघडून पाहिलेले नसते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. या पानावर काय लिहिलेले असते, ते कसे वाचावे, त्यात चूक असल्यास ती कशी दुरुस्त करावी आणि मुख्य म्हणजे आपली एखादी सही त्या पानावर काय लिहून जाते, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास. 'सिबिल' ही देशातील पहिली पतमाहिती कंपनी २००० साली स्थापन झाली आणि २००४ पासून व्यक्तींच्या कर्जांची माहिती ती बँकांना देऊ लागली. संसदेने २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा केला. तो डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. आज रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने अशा चार कंपन्या काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. म्हणजे 'सिबिल' हे त्यांपैकी एकीचे नाव असून, व्यवहारात ते सर्वांचेच सामान्यनाम झाले आहे. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश दिला की, प्रत्येक कर्ज देणाऱ्या संस्थेने चारही कंपन्यांचे सभासद व्हावे. पुढे १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला कळविणे बंधनकारक करण्यात आले. त्यामुळे आज भरलेला वा चुकविलेला हप्ता पूर्वीपेक्षा लवकर नोंदला जातो.

आता त्या आकड्याविषयी. तो ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो आणि जितका ९०० च्या जवळ, तितका उत्तम. साडेसातशेच्या वरचा आकडा बँका सर्वसाधारणपणे चांगला मानतात. परंतु अशी कोणतीही किमान मर्यादा कायद्याने ठरविलेली नाही. प्रत्येक बँकेचा निकष वेगळा असतो आणि चारही कंपन्यांचे गणित वेगळे असल्यामुळे एकाच गृहस्थाचे चार आकडे थोडेफार निराळे येतात. यात घाबरण्यासारखे काही नाही.

हा आकडा श्रीमंतीचे मोजमाप नव्हे, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. बँकेतील ठेव, दुकानाची जागा, घरातील सोने, दिलेला दानधर्म यांपैकी कशाचीही नोंद त्या पानावर नसते. सुरतेच्या पेढीचे बिल वेळेवर चुकते केले की नाही, हेही तेथे दिसत नाही. ती पत अजून पेठेतच ठरते. या पानावर फक्त कर्जाचा व्यवहार असतो : किती घेतले, किती वेळा मागितले आणि ठरल्या दिवशी परत केले की नाही. कोट्यवधींची मालमत्ता असलेला गृहस्थ हप्ता विसरत असेल, तर त्याचा आकडा खाली येतो. आणि बेताच्या पगारावर घरकर्ज फेडणारा कारकून त्याच्यापुढे निघून जातो.

आकडा कोणत्या गोष्टींनी बनतो? सर्वांत महत्त्वाची गोष्ट हप्त्यांची नियमितता. दुसरी, मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरली जाते. क्रेडिट कार्डाची मर्यादा एक लाख असून दरमहा नव्वद हजारांची खरेदी होत असेल, तर बिल पूर्ण भरले तरी तो मनुष्य ओढाताणीत आहे असा अर्थ निघू शकतो. म्हणून वापर साधारणतः तीस टक्क्यांच्या आत ठेवावा असे सांगितले जाते. तिसरी, पतव्यवहाराचे वय आणि त्याचे मिश्रण, म्हणजे तारण असलेली व विनातारण कर्जे यांचे प्रमाण. चौथी, थोड्या काळात किती ठिकाणी अर्ज केले. एका आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकणारा गरजू दिसतो आणि त्या पाचही चौकशा पानावर उमटतात. मात्र स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने आकडा कमी होतो, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. या एका गैरसमजापोटी कितीतरी सुजाण माणसे आपले पान उघडत नाहीत.

ते पाहण्यास खर्चही येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या आदेशान्वये प्रत्येक कंपनीने प्रत्येक व्यक्तीस वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. कंपन्या चार आहेत. तेव्हा दर तीन महिन्यांनी एकीकडून मागविला, तर वर्षभर फुकट पहारा राहतो. अहवाल मागविताना कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच जावे आणि पॅन क्रमांक व मोबाइलवर येणारा ओटीपी तेथेच द्यावा. 'मोफत स्कोअर' दाखविण्याच्या निमित्ताने माहिती गोळा करणारे पुष्कळ असतात. तसेच पैसे घेऊन 'आकडा वाढवून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. खरी नोंद पुसण्याचा अधिकार कोणाही दलालाला नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करण्यास पैसे लागत नाहीत.

अहवाल हाती आल्यावर बहुतेक जण आकडा पाहतात आणि कागद मिटून ठेवतात. ही ताळेबंदाची शेवटची ओळ पाहून खतावणी न तपासण्यासारखी गोष्ट झाली. अहवाल चार टप्प्यांत वाचावा.

पहिला टप्पा ओळखीचा : नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, दूरध्वनी. आपल्या समाजात याला विशेष महत्त्व आहे. एकाच पेठेत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, क्वचित वडिलांचे नावही तेच असलेले दोन गृहस्थ सहज सापडतात. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एकाच घरात दोन प्रकारे लिहिलेले असते. अशा वेळी एकाचे कर्ज दुसऱ्याच्या पानावर चढणे अशक्य नाही. कधीही न राहिलेला पत्ता किंवा अनोळखी मोबाइल क्रमांक तेथे दिसला, तर तो आपल्या कागदपत्रांच्या गैरवापराचा पहिला इशारा समजावा.

दुसरा टप्पा खात्यांचा. येथे प्रत्येक कर्ज व कार्ड स्वतंत्र मांडलेले असते : कोणी दिले, कधी दिले, मंजूर रक्कम, आजची बाकी, थकबाकी. सोनेतारण कर्ज आणि मोबाइल अॅपवरून घेतलेले छोटे कर्ज, दोन्ही यात येतात; अॅपवरील कर्जांची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे झालीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून दंडक आहे. घरातील मुलाने हौसेने हप्त्यावर घेतलेला मोबाइलही त्याच्या पानावर कर्ज म्हणूनच बसलेला असतो. येथे विशेष पाहावयाचे ते 'खात्याशी नाते' : वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार.

तिसरा टप्पा महिन्यांच्या चौकटींचा. प्रत्येक खात्याखाली जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांच्या चौकटी असतात आणि हप्ता किती दिवस थकला, ते त्यांत लिहिलेले असते. तीन शून्ये म्हणजे वेळेवर भरणा. ०३० म्हणजे तीस दिवसांचा उशीर. इंग्रजी एक्स हे अक्षर तीन वेळा असल्यास त्या महिन्याची माहिती बँकेने कळविली नाही एवढाच अर्थ. तो कर्जदाराचा दोष नव्हे. नव्वद दिवसांवर थकबाकी गेली की खाते अनुत्पादक ठरते आणि पान काळवंडते.

चौथा टप्पा चौकशांचा : कोणकोणत्या संस्थांनी कर्जाच्या अर्जासाठी हे पान मागविले. ज्या संस्थेकडे अर्जच केला नाही, तिचे नाव दिसल्यास तातडीने विचारणा करावी. आता पान पाहिले गेल्यास मोबाइल वा ईमेलवर संदेश पाठविणेही कंपन्यांवर बंधनकारक आहे. मात्र तो येण्यासाठी आपला चालू क्रमांक बँकेत नोंदलेला हवा.

या सर्वांत दोन शब्दांपाशी थांबले पाहिजे : 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड'. वरवर दोन्हींचा अर्थ 'मिटले' असाच वाटतो. वस्तुतः त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 'क्लोज्ड' म्हणजे पै न् पै फेडून खाते बंद झाले. 'सेटल्ड' म्हणजे कर्जदार पूर्ण रक्कम देऊ शकला नाही, बँकेने तडजोडीने कमी रकमेवर समाधान मानले. व्यापारी दृष्टीने तडजोड फायद्याची वाटते. पाच लाखांच्या जागी तीन लाखांत प्रकरण मिटले याचा आनंद होतो. परंतु नव्या कर्जाच्या वेळी पुढची बँक त्या शब्दाचा अर्थ 'दोन लाख बुडाले' असा लावते. ही माहिती किमान सात वर्षे जतन केली जाते. म्हणून शक्य असेल तेथे उरलेली रक्कम भरून खाते 'क्लोज्ड' करवून घ्यावे, बेबाकी प्रमाणपत्र घ्यावे आणि ते दागिन्यांइतके जपून ठेवावे.

आता सर्वांत नाजूक विषयाकडे वळू. तो विषय जामिनाचा.

आपल्या समाजात एकमेकांना हात देण्याची परंपरा आहे आणि ती भूषणावह आहे. साडूचा मुलगा नवे दुकान टाकतो, शेजारच्या पेढीवाल्याला यंत्रमागासाठी कर्ज हवे असते, आणि बँक म्हणते, 'एक चांगला जामीन आणा.' दुकानात चहा होतो आणि 'फक्त एक सही' होते. ती सही केवळ ओळख पटविणारी साक्ष आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे काही नसल्यास, मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक दोघांपैकी कोणाकडेही वसुलीस जाऊ शकते. आणि ते कर्ज जामीनदाराच्या पानावरही नोंदले जाते.

याचा परिणाम कसा होतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका कापड व्यापाऱ्याने स्वतःच्या कॅश क्रेडिटचे व्याज कधी एक दिवस चुकविले नाही. सहा वर्षांपूर्वी त्याने नात्यातील एकाच्या आठ लाखांच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. पुढे त्या नातेवाइकाचा धंदा बसला. संकोचामुळे त्याने कोणाला सांगितले नाही. बँकेच्या नोटिसा दुकानाच्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या. आता व्यापाऱ्याच्या मुलीला उच्चशिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे, शुल्क भरण्यास पंधरा दिवस आहेत, आणि शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर सहअर्जदार म्हणून वडिलांची सही आहे. बँक वडिलांचे पान उघडते आणि तेथे थकलेले जामीनखाते दिसते. येथे कोणी लबाडी केलेली नाही. मुलीचा तर काहीच संबंध नाही. तरीही पंधरा दिवस निघून जातात. हेच पान वर्षापूर्वी उघडले गेले असते, तर नातेवाइकाशी बोलता आले असते, बँकेशी बोलता आले असते, मार्ग निघाला असता.

'भीड ही भिकेची बहीण' असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे. याचा अर्थ कोणाला मदत करू नये असा मुळीच नाही. मदत जरूर करावी; परंतु जामीन राहताना ती रक्कम प्रसंगी स्वतः भरण्याची तयारी आहे काय, हा प्रश्न आधी मनाला विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर सही करण्यापेक्षा झेपेल तेवढी रक्कम उघडपणे हातउसनी द्यावी. आणि ज्याच्यासाठी सही होते, त्यानेही लक्षात ठेवावे की, हप्ता चुकणार असे दिसताच जामीनदाराला जाऊन सांगणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे. अडचण सांगण्यात कमीपणा नाही. ती लपविल्याने मात्र दोन घरे अडचणीत येतात.

चूक आढळल्यास काय करावे? कंपनीकडे अथवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी वा संकेतस्थळावरून तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि पावत्या, बेबाकी प्रमाणपत्र जोडावे. पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ती बँकेकडून खातरजमा करून घेते. या सर्वासाठी तीस दिवसांची मुदत आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या आदेशानुसार, मुदत उलटल्यास तक्रारदाराला प्रतिदिनी शंभर रुपये भरपाई मिळते. दिरंगाई बँकेची असेल तर बँकेने आणि कंपनीची असेल तर कंपनीने ती द्यावयाची आहे. तेवढ्यानेही समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. हक्क आहेत, फक्त ते वापरणारा हवा.

व्यापाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. मालक एकटा असलेल्या दुकानाचे कर्ज आणि मालकाचे वैयक्तिक कर्ज यांत कायद्याच्या दृष्टीने भिंत नाही. भागीदारी संस्थेचा स्वतंत्र अहवाल निघतो, आणि उद्योगांना १ ते १० अशी श्रेणी देण्याची पद्धत सिबिलने २०१७ मध्ये सुरू केली. तीत १ ही सर्वोत्तम होय. परंतु संस्थेच्या कर्जाला भागीदार बहुधा वैयक्तिक जामीन असतातच, म्हणून संस्थेची थकबाकी त्यांच्या घरापर्यंत येते. दुसरी गोष्ट अशी की, कापडाच्या धंद्यात लग्नसराई आणि दिवाळी भरतीची, तर पावसाळा ओहोटीचा. हप्त्याला मात्र ऋतू नसतो. भरतीच्या महिन्यांत तीन-चार हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला काढून ठेवणारा व्यापारी आषाढात निर्धास्त झोपतो.

भगिनींविषयीही बोलले पाहिजे. अनेक घरांत सर्व कर्जे व कार्डे पुरुषांच्या नावे असतात. घरातील स्त्रीचे पान कोरेच राहते. प्रसंग ओढवून दुकान तिने सांभाळण्याची वेळ आली की, बँकेच्या लेखी ती अनोळखी ठरते. केवळ पतव्यवहाराचा पूर्वेतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सुचविले आहे, हे खरे. तरीही मुदत ठेवीच्या तारणावर तिच्या नावे एक छोटे कार्ड घेऊन ते नियमित वापरले आणि फेडले, तर तिची स्वतःची पत उभी राहते. हे चांगल्या दिवसांत करून ठेवण्याचे काम आहे.

हा आकडा आता बँकेच्या काउंटरपुरता राहिलेला नाही. जून २०२५ मध्ये, खराब पतइतिहासामुळे एका उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने योग्य ठरविला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे वराचा सिबिल पाहून ठरत आलेला विवाह मोडल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. यात एक धोकाही आहे. आजारपणात दवाखान्याचे बिल भरताना हप्ते चुकलेले असतात, जामीनकीत पान बिघडलेले असते, क्वचित नोंदच चुकीची असते. आकडा हे सर्व सांगत नाही. बँकेने आकडा पाहावा, तो तिचा व्यवसाय आहे. समाजाने मात्र आकड्यामागचा माणूस पाहण्याची जुनी रीत सोडू नये. जो अडचणीत आहे, त्याचा अहवाल त्याच्याबरोबर बसून वाचावा आणि त्याला मार्ग दाखवावा. घरातील संगणक जाणणाऱ्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांना त्यात साहाय्य केले, तर ती मोठीच सेवा होईल.

सारांश, दिवाळीला नव्या वह्या मांडताना जुन्या वर्षाचा मेळ घालण्याची आपली रीत आहे. त्याच सुमारास प्रत्येक घराने आपापले पतअहवाल मागवावेत, ओळीओळीने वाचावेत, जामीनकीची यादी करून ज्यांच्यासाठी सह्या झाल्या त्यांची मायेने चौकशी करावी, आणि चूक दिसेल तेथे त्याच आठवड्यात तक्रार नोंदवावी. वाडवडिलांनी पत जपली ती शब्द पाळून. शब्द तर आजही पाळावयाचाच आहे. आता तो नीट नोंदला गेला की नाही, हेही पाहणे आले.